बहुभाषिक मोजण्याची रीत

परकीय भाषा शिकण्याच्या शास्त्रात पहिला धडा मोजणीचा असतो. व्याकरण, उच्चार, शब्दसंग्रह हे विषय नंतर येतात, आणि अनेकांच्या बाबतीत येतही नाहीत. आकडा मात्र आधीच ठरवून ठेवावा लागतो, कारण सभेत ओळख करून देताना तोच सांगितला जातो: अमुक यांना सात भाषा येतात. कोणत्या, हे सहसा कोणी विचारत नाही. ‘येतात’ म्हणजे नक्की काय होते, हे विचारणे तर शिष्टाचाराला धरून नाहीच.

आकडा वाढवण्याचे काही मार्ग बिनकष्टाचे आहेत. स्वीडिश शिकलेल्याला नॉर्वेजियन आणि डॅनिश वाचून बरीचशी समजते, म्हणून त्याने तीन मोजाव्यात. युगोस्लाव्हिया एकसंध असताना ज्यांनी सर्बो-क्रोएशियन नावाची एकच भाषा शिकून ठेवली होती, त्यांना देश फुटल्यावर घरबसल्या सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशा चार भाषा येऊ लागल्या. यादवीत कोणाचा तरी फायदा होतोच. हा न्याय मालवणी, अहिराणी आणि वऱ्हाडी तिन्ही बोलणाऱ्याला मात्र लावायचा नसतो. त्या बोली, त्या धरल्या तर निम्मा महाराष्ट्र बहुभाषिक ठरेल आणि सभेत ओळख करून देण्याला काही अर्थ उरणार नाही.

बोलोन्याचे कार्डिनल जुझेप्पे मेझोफांती (१७७४–१८४९) हे या शास्त्राचे आद्यपुरुष. नेपोलियनच्या लढायांत जखमी झालेले नाना देशांचे सैनिक बोलोन्याच्या इस्पितळांत पडून असत. त्यांची कबुली ऐकण्याच्या निमित्ताने मेझोफांती एकेक भाषा उचलत गेले, आणि तेही इटलीबाहेर पाऊल न टाकता. चरित्रकाराने त्यांना उत्तम येणाऱ्या भाषा तीसच्या घरात धरल्या. भक्तांचा आकडा अर्थातच वर गेला. कवी बायरनने आपल्याला येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांतल्या शिव्या काढून त्यांची परीक्षा घेतली आणि थक्क झाला. ही पद्धत पुढे कोणत्याच संस्थेने स्वीकारली नाही, हे दुर्दैव. तिला गाईड छापता येत नाही, आणि क्लास लावूनही उपयोग होत नाही.

हल्ली परीक्षा पुण्यात होते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे, मॅक्सम्युलर भवनात जर्मन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेझ आहे. पुण्यात भाषा शिकत नाहीत, करतात. मुलगा जर्मन करतो, सून जॅपनीज करते, आणि बारावीला दुसरी भाषा कोणती हे ती किती स्कोअरिंग आहे यावरून ठरते. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पायऱ्या आखून दिल्या, ए-वन ते सी-टू. ए-वनला स्वतःचे नाव, गाव, कुटुंब आणि छंद सांगता यावे लागतात. बऱ्याच जणांचे छंद याच वेळी कायमचे ठरून जातात: वाचन आणि पोहणे. धड्यात तेवढेच असतात.

बी-वनला मात्र समोरच्याचे ऐकून घेऊन त्यावर स्वतःचे मत द्यावे लागते. येथे वर्ग विरळ होतो. गळालेले विद्यार्थी हरवत नाहीत. ते पुढच्या सत्रात स्पॅनिशच्या ए-वनला भेटतात आणि तेथेही पोहतात. हिशेब सरळ आहे. एका भाषेच्या सहा पायऱ्या चढल्या तर आकडा एक, सहा भाषांची पहिली पायरी चढली तर आकडा सहा. श्रम तेवढेच, किंबहुना कमी.

जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेने उमेदवाराची ही बोलण्याची अडचण ओळखली आहे. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत जेएलपीटीच्या कोणत्याही पातळीला बोलण्याची परीक्षा नाही. वाचायचे, ऐकायचे आणि पर्यायांतला योग्य गोळा काळा करायचा. सर्वोच्च पातळीचे प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या माणसाने परीक्षा केंद्रात जपानीचा एक शब्दही उच्चारलेला नसतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास, धरते आणि त्या काळात पगारही देते. शनिवार-रविवारच्या बॅचला आठवड्याचे चार तास मिळतात असे मानले, तर तेवढ्याच तासांना दहा वर्षांहून अधिक लागतील. जाहिरातीत ही दहा वर्षे दिसत नाहीत, बहुधा जागेअभावी.

पद्धतींमध्ये हाइनरिश श्लीमान यांच्या पद्धतीचे वर्णन सविस्तर मिळते. ट्रॉयचे उत्खनन करणारे ते हेच. तरुणपणी अ‍ॅमस्टरडॅममध्ये कारकुनी करताना त्यांनी इंग्रजीला सहा महिने दिले, फ्रेंचला सहा महिने, आणि पुढे डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज यांना सहा-सहा आठवडे. ही माहिती त्यांच्या आत्मचरित्रात आहे, आणि आत्मचरित्र लिहिताना श्लीमान सत्याशी फार काटेकोर नसत असे अभ्यासक म्हणतात. पद्धत अशी: भाषांतर करायचे नाही, रोज मोठ्याने वाचायचे, पुस्तकेच्या पुस्तके पाठ करायची. इंग्रजीसाठी दर रविवारी दोनदा चर्चमध्ये जाऊन पाद्र्याच्या मागोमाग प्रवचनाचा शब्द न् शब्द पुटपुटायचा. देवाने याकडे कसे पाहिले याची नोंद नाही.

रशियनच्या वेळी शिक्षक मिळेना. तेव्हा श्लीमाननी ‘तेलेमाक’ या फ्रेंच कादंबरीचे वाईट रशियन भाषांतर मिळवले आणि ते पाठ करून म्हणू लागले. भिंतीसमोर म्हणण्यात उत्साह टिकत नाही, म्हणून आठवड्याला चार फ्रँकवर एक गरीब यहुदी म्हातारा ठेवला. त्याने रोज संध्याकाळी दोन तास बसून ऐकायचे. म्हाताऱ्याला रशियनचे एक अक्षर कळत नव्हते. घराची तक्तपोशी पातळ लाकडाची असल्याने वरखालचे भाडेकरू मात्र सगळे ऐकत होते, तेही फुकट. त्यांच्या तक्रारींमुळे श्लीमानना दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. भाषाशिक्षणाच्या अर्थशास्त्रात हा दुर्मीळ प्रसंग आहे, कारण येथे ऐकणाऱ्याला मोबदला मिळाला. मराठी घरांत हे काम आजी करते आणि तिला चार फ्रँक कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

आजीनंतर अ‍ॅप आले. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या डुओलिंगोने भाषेऐवजी दिवस मोजण्याची सोय केली. रोज थोडा वेळ दिला की साखळी वाढते, दिला नाही तर अ‍ॅपच्या बोधचिन्हातले हिरवे घुबड व्याकुळ होते. एखाद्या दिवशी खाडा झाला तरी साखळी तुटू नये अशी तजवीजही त्यात आहे; हजेरीपटाचा इतका दयाळू उपयोग कोणत्याही मास्तराने केला नव्हता. २०१७ मध्ये येथे हाय व्हॅलिरियन आणि २०१८ मध्ये क्लिंगॉन शिकता येऊ लागली. या दूरचित्रवाणी मालिकांतल्या, कुणाचीही मातृभाषा नसलेल्या भाषा. मोजणीच्या दृष्टीने त्या निर्दोष आहेत, कारण चूक काढणारा मूळ भाषक भेटण्याची भीती नाही.

त्यानंतरचा टप्पा प्रदर्शनाचा. व्हिडिओतला बहुभाषिक चिनी हॉटेलात जातो, चिनी भाषेत नूडल्स मागवतो, वेटर चकित होतो, ‘किती छान बोलता’ म्हणतो, आणि दृश्य बदलते. वेटरचा दुसरा प्रश्न कोणत्याच व्हिडिओत येत नाही. तो आला तर काय होते हे १९९७ मध्ये चिलीच्या दूरचित्रवाणीवर दिसले. पन्नासहून अधिक भाषा येत असल्याचा दावा असलेले झियाद फझाह तेथे पाहुणे होते, आणि समोर निरनिराळ्या देशांची माणसे बसवली होती. त्यांच्यापैकी कोणीतरी रशियनमध्ये अगदी साधे विचारले: आज वार कोणता? फझाह यांना सांगता आले नाही. कार्यक्रमाचे नाव ‘विवा एल लुनेस’ होते, म्हणजे ‘सोमवार चिरायू होवो’.

या शास्त्राबाहेर राहिलेला एक वर्ग येथे नोंदवायला हवा. अजिंठ्याला जपानी पर्यटकांना जपानीतून लेणी दाखवणारे गाईड आहेत. गोव्यात मोरजीला रशियन गिऱ्हाईक जमते, तेथे पोरे रशियनमध्ये भाव सांगतात, गिऱ्हाईक रशियनमध्ये घासाघीस करते आणि सौदा पटतो. जर्मनीत परिचारिका म्हणून काम मिळवायचे तर साधारणपणे बी-टू गाठावीच लागते, आणि रुग्णाला कोठे दुखते आहे हे कळावेच लागते. वाचन आणि पोहणे एवढ्यावर भागत नाही. नवऱ्यामागोमाग जर्मनीला निघालेल्या नववधूलाही, काही सवलती सोडल्या तर, व्हिसासाठी ए-वन लागते, त्यामुळे रुखवताच्या शेजारी क्रियापदांचा तक्ता टांगलेला असतो. ही माणसे भाषा वापरतात. पण कोणी विचारले तर ‘कामापुरती येते’ म्हणतात, आणि कामापुरती हा शब्द आला की मोजणी थांबते. मोरजीच्या पोरांकडे तर प्रमाणपत्रही नाही, म्हणून त्यांचा आकडा शून्य.

राहता राहिली देखभाल. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून दाखवून दिले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मात्र मुदत नसते, त्यामुळे एकदा चढलेला आकडा उतरवण्याची वेळ येत नाही. लग्नाच्या बायोडेटात तर तो वयाबरोबर वाढतो. चीनमध्ये दुभाष्याचे काम केलेले जर्मन अधिकारी एमिल क्रेब्स (१८६७–१९३०) यांना साठहून अधिक भाषा येत असत असे म्हणतात. त्यांचा मेंदू मृत्यूनंतर जर्मनीत जतन करून ठेवला गेला आणि पुढे शास्त्रज्ञांनी तपासलाही. ही सोय सर्वसामान्य उमेदवाराला परवडणारी नाही. तो उजळणीसाठी मोबाइलची भाषा बदलून जपानी करतो, आणि दोन दिवसांनी पूर्ववत करायची सेटिंग वाचता न आल्याने मोबाइल शेजारच्या पाचवीतल्या मुलाकडे पाठवतो.