लॅपटॉपची स्वारी: मुक्काम जामखेड

नगरहून जामखेडला निघालेला रस्ता कडा, आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावे घेऊन पुन्हा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, आणि हद्दींविषयीची ही बेफिकिरी महसूल खात्यात हयात घालवलेल्या आमच्या मेहुण्यांना मुळीच मानवत नाही. परंतु त्या दिवशी एसटीत बसल्यावर त्यांचे चित्त रस्त्याकडे नव्हतेच. खर्ड्याच्या लढाईवर निबंध लिहिण्यासाठी कन्येने पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप, तिच्या सूचनांच्या फर्मानासह, त्यांच्या मांडीवर विराजमान होता.

नुसते झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत कोंडला तर तो आत जागा राहून तापू शकतो, म्हणून मेहुण्यांनी तो निघण्यापूर्वीच रीतसर बंद केला होता. झाकणावर भार पडला की पडद्याला तडा जातो, म्हणून शेजारच्या आजींनी आपले बाजरीचे गाठोडे त्यावर टेकवताच त्यांनी ते अत्यंत अदबीने परत केले. आजी म्हणाल्या, "लेकरू हाय का काय मांडीवर घ्यायला? ठेवा की खाली!" मेहुणे गंभीरपणे उत्तरले, "खाली धूळ आहे, आजी." त्यावर आजींनी, आयुष्यभर त्याच धुळीत वावरलेल्या बाईने पाहावे तसे, त्यांच्याकडे पाहिले.

जामखेडच्या लॉजमध्ये पलंगावर गुबगुबीत गादी होती. पण गादीवर ठेवल्यास यंत्राच्या पोटाखालच्या हवेच्या फटी बुजतात व आतला पंखा व्यर्थ धापा टाकतो, हे कलम फर्मानात असल्याने मेहुण्यांनी लॉजच्या पोऱ्याकडे लाकडी पाट मागितला. त्याने पाट तर आणलाच, शिवाय हळदकुंकवाची कोयरीही आणली आणि विचारले, "काका, फुलं कितीची आणू?" वीज येता-जाता दाबाचा झटका बसू नये यासाठी झटका अडवणाऱ्या बोर्डाची तजवीज झाली, चहाचा पेला हद्दपार होऊन खिडकीत गेला, पडदा पुसण्यास मऊ, किंचित ओलसर फडके तैनात झाले, आणि कळफलकात शेवेचा कण जाऊ नये म्हणून फराळ मला व्हरांड्यात उभ्याने करावा लागला. लिथियमच्या बॅटरीला अतिरेक सोसत नाही, ती वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर अधिक काळ टिकते, असे असल्याने मेहुणे रात्री दोनदा उठून तिचा आकडा पाहून आले. स्वतःच्या रक्तदाबाची त्यांनी इतकी दखल कधी घेतल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीसेक किलोमीटरवरच्या खर्ड्यास पोहोचलो. मार्च 1795 मध्ये निजाम अली खान मोठ्या फौजेनिशी आणि जनानखान्याच्या लवाजम्यासह मराठ्यांवर चालून आला, त्याची दाणादाण उडाली, निंबाळकरांच्या या आटोपशीर किल्ल्यात कोंडून घेण्याची त्याच्यावर पाळी आली, आणि पाण्यावाचून हाल झाल्यावर दौलताबादचा किल्ला व कोट्यवधींची खंडणी कबूल करून त्याला तह करावा लागला. स्वारीपेक्षा सरंजाम जड झाला की काय होते, याविषयी मेहुणे भर उन्हात, छातीशी पिशवी कवटाळून, अर्धा तास उत्तम बोलले.

निबंधाचा प्रारंभ तटावरच करण्याचा त्यांचा मानस होता; पण उन्हात पडद्यावरचे अक्षर दिसेना, आणि उष्णतेइतकी बॅटरीची दुसरी वैरीण नाही, हे कलम त्यांना वेळेवर आठवले. तेव्हा लॅपटॉपला दरवाजाच्या कमानीखालच्या गारव्यात स्वच्छ पंच्यावर ठेवून, मला पहाऱ्यावर नेमून, मेहुण्यांनी खिशातून चाळीस पानी वही काढली व उन्हातच दगडावर बसून झरझर लिहायला घेतले.

शेळ्या वळणारा एक म्हातारा बराच वेळ हा बंदोबस्त न्याहाळत होता. अखेर न राहवून त्याने विचारले, "लिवायला वही हाय, मंग ह्ये कशापायी आणलं?"

मान वर न करता मेहुणे म्हणाले, "जपायला."