घरच्या घरी ब्लाउज : अधिकृत कार्यपद्धती

उद्देश. ऐन लग्नसराईत शिंप्याकडून मिळणाऱ्या ‘उद्या या’ या उत्तरापासून कायमची सुटका करून घेणे.

पूर्वपीठिका. शिंपी आणि शिवणयंत्र यांचे पहिल्यापासून फारसे पटलेले नाही. फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून यंत्रे मोडून टाकली. तुम्ही मशीन घेतल्याचे कळल्यावर कोपऱ्यावरचा शिंपी इतका चिडणार नाही. तो नुसता हसेल. का हसला, ते पुढे क्रमाक्रमाने कळेल.

टप्पा 1 : मापे. अंगावरून मापे घेण्याच्या फंदात पडू नये. टेप कमरेला लागताच कोणीही पोट आत ओढून श्वास रोखते, आणि त्या मापाचा ब्लाउज मग श्वास न घेताच घालावा लागतो. त्यापेक्षा नीट बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवरून उंची, खांदा, छाती, मुंढा, बाहीची लांबी, दंडघेर आणि दोन्ही गळे उतरवून घ्यावेत. असा ब्लाउज प्रत्येकीकडे एकच असतो आणि तो मापाला म्हणून शिंप्याकडे पडलेला असतो. तो आणायला जावे. शिंपी म्हणेल, ‘उद्या या.’

टप्पा 2 : अस्तर. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते, वरचे कापड तेवढे आटत नाही. मग ब्लाउजवर अशा चुण्या पडतात की इस्त्रीही हात टेकते. म्हणून अस्तर रात्रभर पाण्यात ठेवावे, सावलीत वाळवावे आणि थोडे ओलसर असतानाच इस्त्री करावे. पावसाळ्यात हे वाळण्याचे काम सवडीने चालते. त्या काळात घरच्यांनी ‘झाला का ब्लाउज?’ असे विचारल्यास अस्तराकडे बोट दाखवावे.

टप्पा 3 : कात्री. कापडाच्या कात्रीने कापडाशिवाय काहीही कापू नये. कागदावर चालवली की तिची धार बसते आणि मग ती कापड कापत नाही, चावते. हा नियम घरात सर्वांना सांगावा आणि कात्री लपवून ठेवावी. साड्यांच्या घडीत लपवली तरी सकाळी दुधाची पिशवी तिला बरोबर शोधून काढते.

टप्पा 4 : बेतणे. आधी जुन्या वर्तमानपत्रावर बेतावे. छाती 36 इंच असेल तर तिचा चौथा भाग 9 इंच. त्यात सैलसरपणा आणि शिलाई यांसाठी दीड ते दोन इंच धरावे. बाजूच्या शिलाईत माया सोडताना हात आखडता घेऊ नये. ब्लाउज दसऱ्याला शिवला तरी तो दिवाळीच्या फराळानंतरही घालायचा असतो.

कापडाचा उभा धागा ब्लाउजच्या उंचीच्या दिशेने ठेवावा, नाहीतर ब्लाउज अंगावर पिळवटतो. बाह्या कापताना कापडाच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून दोन्ही एकदमच कापाव्यात. एकेक कापल्यास दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघण्याचा संभव असतो. तसे झाल्यास तेवढ्याच कापडासाठी साडीच्या दुकानात जाऊ नये. तिथे दुसरी साडी दाखवतात.

गळा आखल्यापेक्षा अर्धा इंच लहान कापावा. लहान गळा मोठा करता येतो. मोठा गळा लहान करण्याची विद्या कोणत्याही शिवणक्लासात शिकवत नाहीत.

टप्पा 5 : मशीन. सुती कापडाला 14 नंबरची सुई, पातळ रेशमाला 11 नंबरची. आधी त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून पाहावी. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर सगळे जण बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो: तो सैल असतो किंवा नीट ओवलेला नसतो. फूट खाली न टाकता मशीन चालवल्यास दोऱ्याचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात संध्याकाळ जाते.

मशीनचा आवाज पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेला की शेजारून उशांचे अभ्रे, पडद्याची उसवलेली पट्टी, पँटची बिघडलेली चेन आणि फॉल लावायच्या साड्या येऊ लागतात. सोबत ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ हे वाक्यही येते. काकूंना नाही म्हणता येत नाही. अशा वेळी कामे ठेवून घ्यावीत आणि नम्रपणे म्हणावे, ‘काकू, उद्या या.’ इथे निम्मे प्रशिक्षण पूर्ण झाले.

टप्पा 6 : जोडणी. आधी टक्स, मग हुकपट्ट्या, खांदे, गळा, बाह्या आणि शेवटी बाजू. गळ्याच्या गोलाईला आतून कातरे द्यावेत, पण शिलाईच्या दोन धागे अलीकडे थांबावे. बाजूंना पक्की टीप मारण्याआधी कच्चा टाका घालून ब्लाउज घालून पाहावा. आरशासमोर उभे राहून फिटिंग कळत नाही. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढून पाहावा. काखेत ओढले तर उसवावे. उसवणे हीसुद्धा शिवणकलाच आहे, आणि ती तुम्हाला लवकर येईल. हुक मात्र हातानेच लावायचे असतात. अनुभवी स्त्रिया ते कार्यालयाकडे जाताना रिक्षात लावतात.

निष्कर्ष. वरची एकही पायरी गाळता येत नाही आणि सगळ्या पाळल्या तर ब्लाउज लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तयार होतो. शिंप्याला हे आधीपासून ठाऊक आहे, आणि त्याच्याकडे तर असे पन्नास ब्लाउज टांगलेले असतात.

तेव्हा शिवण जरूर शिका. सुरुवात उशीच्या अभ्र्यापासून करा, मग झबले शिवा, कारण बाळ फिटिंगची तक्रार करत नाही. पुढे परकर, आणि हात बसला की ब्लाउज. तोवर लग्नातला ब्लाउज महिनाभर आधी शिंप्याकडे टाका आणि शिलाईच्या पैशांवरून त्याच्याशी घासाघीस करू नका.