टाकीतली दाढी

दोन फुटी टाकीत माझे मासे आठ आणि झाडं पाच जातींची. पण घरी आलेला पाहुणा आधी काचेकडे बघायचा आणि विचारायचा, "हे हिरवं मुद्दाम लावलंय का?" वर्षभर मी "हो" म्हणत आलो.

आईला त्याचं काही वाटत नसे. तिचं बालपण कोकणातलं. पावसाळ्यात अंगणाला शेवाळ धरतं, विहिरीच्या पायऱ्या बुळबुळीत होतात, दरसाल कुणीतरी आपटतं. "पण पैसे मोजून शेवाळ पाळणारा आपल्या घरात तूच पहिला," एवढं मात्र तिने ऐकवलं.

शेवाळाच्या तऱ्हाही किती! टाकी नवी होती तेव्हा पहिल्याच महिन्यात सगळीकडे तपकिरी साय धरली. लहान मुलाला गोवर यावा तशी ही नव्या टाकीला येते आणि आपली आपण जाते. मग काचेवर हिरवे ठिपके आले. ते पुसून निघत नाहीत, खरवडावे लागतात. माझ्या बंद पडलेल्या एटीएम कार्डाचा तेवढा तरी उपयोग झाला. त्यानंतर केसाळ शेवाळ. जुना टूथब्रश घालून गरागरा फिरवला की शेवयांसारखं गुंडाळून येतं. खरं सांगायचं तर त्यात मजा वाटायला लागली होती.

आणि शेवटी आली ती दाढी. अनुबियासच्या जाड पानांच्या कडांना काळे, दाट, पाव इंचाचे झुपके. घासायला जावं तर पान फाटतं, दाढी जागची हलत नाही. दिसायला काळी, पण कूळ लाल शेवाळांचं.

"सकर मासा टाका साहेब, सगळं चाटून काढतो," दुकानदार म्हणाला. टाकला. दोन इंचांचं बाळ होतं. पहिले काही महिने तो इमानेइतबारे काचा चाटत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की या घरात वरून आयते दाणे पडतात. चाटणं संपलं. साहेब वीतभर झाले, झाडं उपटायला लागले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या ऐवजाचं उत्तम खत शेवाळाला मिळू लागलं. हा प्राणी फुटाच्याही वर वाढतो, हे मला तेव्हा कळलं. एका मित्राने "तळ्यात सोडून दे" असं सुचवलं. पण दक्षिण अमेरिकेतल्या या पाहुण्याने इथल्या पाण्यात आधीच पुरेसं बस्तान बसवलंय. मी तो दुकानात परत नेऊन दिला. दुकानदाराने माझ्यादेखत तो पुढच्या गिऱ्हाइकाला विकला. वाक्य तेच.

मग मी बाटलीतली औषधं आणली. पण आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत. दिवा मी सकाळी सातला लावत होतो आणि रात्री अकराला मालवत होतो. कारण एकच, मला बघायला आवडायचं. झाडांना सहा ते आठ तास उजेड पुरतो. वरच्या उजेडावर शेवाळाची चंगळ. त्यात टाकी पश्चिमेच्या खिडकीशी. शिवाय चिमूटभर दाणे मी टाकायचो, चिमूटभर बायको, आणि "कशी तोंडं वासतात बघ बिचारी" म्हणत चिमूटभर आई. माशांचे लाड आम्ही करत होतो आणि बाळसं शेवाळ धरत होतं.

दिव्याला टायमर लावला, सहा तासांचा. टाकी खिडकीपासून हलवली. दाणे एकाच माणसाने टाकायचे ठरलं (ते माणूस मी नाही). दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलू लागलो. उरलेल्या दाढीसाठी केमिस्टकडून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. फिल्टर बंद करून, बिनसुईच्या सिरिंजने ते एकेका झुपक्यावर थेंबथेंब सोडलं. झुपक्यांवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चढू लागल्या, सोड्याची बाटली फोडावी तशा. एकूण पाच मिली, त्यापुढे हात आवरला. तिसऱ्या दिवशी काळी दाढी गुलाबी झाली! आई म्हणाली, "मेंदी लावलीस की काय?"

ती मेलेली गुलाबी दाढी फस्त केली अमानो कोळंब्यांनी. निईगाताचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) तरुणपणी जपानातले व्यावसायिक सायकलपटू होते. पुढे त्यांनी टाक्यांमधून रानं उभी केली, आणि शेवाळावर ही कोळंबी कामाला लावायची पद्धत त्यांच्यामुळे रूढ झाली. माझ्याकडे सहा आहेत. काचेसारखं आरपार अंग, पुढचे इवले चिमटे शिवणयंत्रासारखे चालू. पानाची एक कड टिपून झाली की दुसरी.

आता टाकी लख्ख आहे, आणि कोळंब्या उपाशी. माशांच्या तोंडचे दाणे पळवतात. म्हणून मी मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं, चार गोटे टाकले आणि बरणी त्याच पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. आज दहा दिवस झाले. पाणी तीर्थासारखं नितळ. आई रोज संध्याकाळी बरणी उचलून उजेडात धरते.

"धरलं का रे?"

"अजून नाही."