एमजीबीचा मालक

एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचा मालक हा इंग्लिश गृहस्थ बहुधा निवृत्त असतो आणि रविवारी सकाळी कोट्सवोल्डच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर सापडतो. त्याची गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पाच लाखांहून अधिक गाड्यांपैकी एक असते. ती दुर्मीळ मुळीच नाही, पण हे त्याला सांगू नये. गाडी कशी आहे असं विचारलं, तर तो वेगाचं किंवा पेट्रोलचं काही बोलत नाही. ‘रस्ता हाताला कळतो,’ एवढंच सांगतो.

ते खरंही आहे. पर्सी शॉने १९३४ साली शोधलेले मांजरडोळे, म्हणजे दिव्यांच्या उजेडात चमकणारे खुंट, इंग्लंडमधल्या रस्त्यांच्या मधोमध बसवलेले असतात. चाक त्यांच्यावरून गेलं, की प्रत्येक डोळा त्याच्या तळहाताला वेगळा कळतो. शेजारी बसलेल्या पत्नीलाही कळतो, मात्र तळहाताला नव्हे.

या कळण्यामागचं शास्त्र तो पाहुण्याला सूप निवेपर्यंत समजावतो. वळणावर टायरचं रबर जमिनीला टेकतं तिथे मुरडतं आणि बाजूचा जोर त्या भागाच्या मध्यापेक्षा थोडा मागे पडतो. म्हणून चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. ही ओढ स्टिअरिंगच्या दातेरी रॅकमधून हातापर्यंत पोचते. पकड सुटायची वेळ जवळ आली, की ओढ आधीच ओसरू लागते, स्टिअरिंग हलकं पडतं आणि जाणत्या हाताला इशारा मिळतो. एमजीबीत मध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप नाही, त्यामुळे हा इशारा न गाळता येतो. खड्ड्याची बातमीही त्याच वाटेने आणि तितक्याच तत्परतेने येते.

इथवर त्याचं म्हणणं बिनचूक असतं. घोटाळा पुढे होतो. हाताला जे कळतं आणि पाठीला जे सोसावं लागतं, ते एकच, असं तो धरून चालतो. एमजीबीच्या मागच्या धुरीला टांग्याला असतात तसे पाटे आहेत. स्टिअरिंगच्या इशाऱ्याशी त्यांचा संबंध जेमतेमच. तरी ते मऊ करा म्हटलं, की त्याला धर्म बुडाल्यासारखं वाटतं. उलट तो रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे कडक बुश घालतो, पुढच्या स्प्रिंगा आखूड करतो आणि दणके वाढले, की गाडी आता खरं बोलू लागली म्हणतो.

या समजुतीला उत्तर १९६२ सालीच मिळालं होतं. कॉलिन चॅपमनने त्या वर्षी लोटस एलान आणली: पोलादी कणा, त्यावर फायबरग्लासची काया, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वजन जेमतेम पावणेसातशे किलो. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, हेलकावे आवरायचं काम शॉक ॲब्सॉर्बर चोख करत. स्टिअरिंगची रॅक तर ट्रायम्फ हेराल्ड या साध्या कौटुंबिक गाडीची. तरी उत्तम स्टिअरिंगचा दाखला म्हणून जाणकार आजही एलानच दाखवतात. गाडी हलकी आणि सांगाडा ताठ असेल, तर हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज नसते. हे ऐकून एमजीबीचा मालक म्हणतो, ‘एलान सारखी बिघडते हो,’ आणि विषय बदलतो.

सिट्रोएन डीएसचा तो तिरस्कार करतो. १९५५ सालच्या त्या फ्रेंच गाडीत वायू आणि तेल मिळून खड्डे गिळून टाकतात. तिच्यात आपल्याला एकदा झोप लागली, ही त्याची तक्रार असते. तो नमतो फक्त मॉर्गनवाल्यापुढे. माल्व्हर्नच्या या कंपनीने पुढची चाकं उभ्या खांबावर वर-खाली सरकण्याची पहिल्या महायुद्धाआधीची रचना शंभर वर्षं जपली. मॉर्गनवाला समोर आला, की हा आपल्या सीटवरची उशी हळूच मागे सरकवतो.

खांदा दुखू लागला, की या जातीत एक गुप्त व्यवहार घडतो. डॅशबोर्डच्या आत, स्टिअरिंगच्या दांड्यावर, एक छोटी विजेची मोटर बसवून घेतली जाते. स्टिअरिंग फिरवायला होणारी तिची मदत कमी-जास्त करायला एक बटण असतं. क्लबातला कुणी गाडी चालवून बघायला बसला, की मालक ते बटण शून्यावर आणतो आणि पार्किंगमधून गाडी काढताना पाहुण्याची दमछाक समाधानाने पाहतो.