दोन सिस्टिम आणि एक एक्सेल

अभिनंदन! मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर ईआरपीला जोडण्याच्या कामावर तुमची नेमणूक झाली आहे. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं त्या दिवशी तुम्ही बहुधा रजेवर असाल. अशी कामं हजर माणसाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. घाबरू नका. चाकण-भोसरीपासून वाळूज-अंबडपर्यंत तुमच्यासारखे कितीतरी जण याच वाटेने गेले आणि त्यातले बरेचसे आज दुसऱ्या कंपनीत सुखात आहेत. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. एखादी चुकली तरी बिघडत नाही, जिना एकाच गच्चीवर जातो.

1. 'का' हा प्रश्न विचारू नका.

कंपनीचं ईआरपी म्हणजे सॅप. सॅपमध्ये प्लांट मेंटेनन्सचं मॉड्यूल आहे, त्याचे पैसेही भरलेले आहेत. मग मेंटेनन्सवाल्यांनी दुसरं सॉफ्टवेअर कशाला आणलं? (एक वर्क ऑर्डर काढायला फिटरला इतक्या स्क्रीन उघडाव्या लागत की तेवढ्यात तो बेल्ट बदलून चहा पिऊन आला असता, म्हणून. पण हे लेखी कुठेच नाही.) मीटिंगमध्ये वेळ काढायचा झाला तर थोडा इतिहास सांगा. आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी 1972 साली जर्मनीत सॅप काढली, आणि मेंटेनन्सवाल्यांचं लाडकं मॅक्सिमो 2006 साली आयबीएमनेच विकत घेतलं. तेव्हा ही दोन्ही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नसतील तर त्यामागे जुनी भानगड असेल, असं म्हणून पाहा. हसणार कोणी नाही, पण पाच मिनिटं जातात.

2. दोन चौकोन काढा, मध्ये बाण काढा.

किकऑफ मीटिंगला एवढी एक स्लाइड पुरते. डाव्या चौकोनात मेंटेनन्स, उजव्यात ईआरपी, मध्ये दोन्हीकडे टोकं असलेला बाण. सगळं बजेट चौकोनांवर खर्च झालेलं असतं आणि सगळं काम बाणात असतं, हे तिथे बोलू नका. खरं तर कोणती माहिती कोणाच्या मालकीची, हे ठरवायला एक दुपार पुरते: किंमत ईआरपीची, मशीनची यादी मेंटेनन्सची, साठा स्टोअरचा. पण त्या दुपारी अकाउंट्स आणि मेंटेनन्सच्या साहेबांना एका खोलीत बसवावं लागतं. ते टाळण्यासाठीच तर सॉफ्टवेअर घेतलं आहे. कोणी विचारलंच, 'दोन्हीकडे आकडा वेगळा आला तर खरा कोणता?' तर म्हणा, 'हे आपण ऑफलाइन घेऊ.'

3. एका बेअरिंगची पाच बेअरिंगं करा.

आता मास्टर डेटा. उदाहरणाला 6205 बेअरिंग घ्या. आतला व्यास 25, बाहेरचा 52, रुंदी 15 मिलिमीटर. जगात कुठेही गेलात तरी तेवढंच. ईआरपीत मात्र ते 'बेअरिंग 6205' आहे, 'बीआरजी 6205 झेडझेड' आहे, 'बॉल बेअरिंग 6205-2झेड' आहे, आणि कधीकाळी एका ट्रेनीने केलेली 'बेअरिंग जुन्यासारखे' अशीही एक नोंद आहे, जिच्यावर दरवर्षी खरेदी होते. मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच बेअरिंग 'लेथ 4, मागचं' या नावाने सुखाने नांदतं.

दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असली की एक कंपनी 2झेड लिहिते, दुसरी झेडझेड. रबरी सील असलं तर कोणाचं 2आरएस, कोणाचं डीडीयू, कोणाचं एलएलयू. कोणाच्या जागी काय चालतं हे फिटर बोटावर फिरवून सांगतो. ईआरपीला बोट नाही.

त्यात जागेची अडचण. सॅपच्या जुन्या ईसीसीत मटेरियल कोडला 18 अक्षरं मिळत, एस/4 हानात ती 40 झाली. वर्णनाची मात्र 40च राहिली. 'बेअरिंग बॉल डीप ग्रूव्ह सिंगल रो 6205' एवढं रीतसर इंग्रजीत लिहिलं की मोकळ्या जागा धरून बरोबर 40 अक्षरं भरतात. पुढचं 2झेड आणि सी3 बाहेर उभं. सी3 म्हणजे गरम चालणाऱ्या मोटरसाठी बेअरिंगच्या आत ठेवलेली जादा फट. ती न लिहिता बेअरिंग मागवा, वेळेत येईल, दर कमी लागेल, खरेदी विभाग खूश होईल. मोटरचं नंतर बघू.

तज्ज्ञांचा सल्ला: याद्या साफ करायच्या फंदात पडू नका. 'डेटा क्लीन्सिंग फेज टूमध्ये' हे वाक्य पाठ करा. फेज टू ही अशी जागा आहे जिथे अजून कोणी गेलेलं नाही, त्यामुळे तिथे काहीही ठेवता येतं.

4. युनिट जुळवायची गरज नाही.

स्टोअर हायड्रॉलिक ऑइल 210 लिटरच्या बॅरलने घेतं, फिटर लिटरने ओततो. मधलं गणित भरायचं राहिलं की फिटरने टाकलेले 20 लिटर पलीकडे 20 बॅरल म्हणून उतरतात. म्हणजे एका प्रेसच्या टाकीत 4200 लिटर तेल. त्या महिन्यात कॉस्ट सेंटरकडे बघून प्लांट हेडना घाम फुटेल, पण इंटरफेसमध्ये त्रुटी नव्हती, संदेश यशस्वीपणे पोहोचला होता. हे ठासून सांगा. नगाचंही तेच. स्क्रीनवर 'पीसी' दिसणारं युनिट सॅपच्या पोटात जर्मन 'एसटी' म्हणून साठवलेलं असतं, आणि तुमचं सॉफ्टवेअर 'नॉस' पाठवतं. तीन दिवस यात सहज जातात, टाइमशीटला उत्तम.

5. जळालेल्या मोटरवर चर्चासत्र ठेवा.

इथे थोडं थांबू, कारण अनेक प्रोजेक्ट याच जागी बसतात. मोटर जळली. रिटर्नेबल गेट पासवर रिवाइंडिंगला गेली. आठवड्याने परत आली. आता संवाद ऐका.

'सर, मोटर आली, चढवली. ऑर्डर बंद करा.'

'आली म्हणजे? जीआरएन कुठाय?'

'जीआरएन कशाचा? मोटर आपलीच आहे.'

'आपलीच आहे तर तिचं बिल कसं आलं?'

'रिवाइंडिंगचं बिल आहे ते.'

'मग आता ती नवी धरायची की जुनी?'

'सर, ती चालू धरा.'

ईआरपीत 'चालू' नावाचा भाव नसतो. खरं सांगायचं तर सॅपमध्ये याची रीतसर सोय आहे. एकाच कोडखाली नवी, दुरुस्त केलेली आणि बिघडलेली अशा तीन वेगळ्या किमतींनी मोटर ठेवता येते. दुरुस्तीसाठी स्वतंत्र ऑर्डरही आहे. कन्सल्टंटला हे पक्कं माहीत असतं. फक्त ते स्कोपमध्ये नसतं. स्कोपमध्ये आणायला चेंज रिक्वेस्ट लागते, तिच्यापेक्षा नवी मोटर स्वस्त पडते.

ऑर्डर बंद करायचंही ध्यानात ठेवा. फिटरच्या लेखी मशीन फिरलं की काम संपलं. अकाउंट्सच्या लेखी शेवटचं बिल बसलं की. सॅप म्हणूनच आधी 'टेको' करतं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काम पूर्ण, आणि हिशेब मिटल्यावर पूर्ण बंद. तुमच्या मॅपिंगमध्ये या दोन्हींना एकच बटण द्या. मग रिवाइंडिंगवाल्याचं बिल पंधरा दिवसांनी दारात येईल आणि ऑर्डरला कडी लागलेली असेल. त्याचा फोन तुम्हाला येणार नाही, स्टोअरला येईल. काळजी नसावी.

6. तिसऱ्या पाळीला वेळेबाहेर ठेवा.

नियम असा: आधी वर्क ऑर्डर, मग रिझर्व्हेशन, मग 261 मूव्हमेंटने माल बाहेर. रात्री तीनला लाइन थांबली की असं होतं: सुपरवायझर सिक्युरिटीकडून चावी घेतो, स्पेअर उचलतो, सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर 'एक सील घेतलं' असं लिहून स्टोअरच्या टेबलावर काचेखाली सरकवतो. हा पुठ्ठा वाचणारा कनेक्टर अजून बाजारात आलेला नाही.

सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवा. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे 1 एप्रिलच्या पहाटे तीनला बदललेलं सील ईआरपीत 31 मार्चच्या रात्री साडेनऊला बदललं जातं, आणि एका ऑइल सीलपायी मागचं आर्थिक वर्ष जागं होतं. आणि पुठ्ठा काचेखाली राहून जून उजाडला तर? सॅपमध्ये मालाच्या नोंदी चालू महिन्यात आणि फार तर मागच्या महिन्यात करता येतात. एप्रिलचं सील मग मेमध्ये बसवलं जातं. मशीनने तोवर काय केलं, हे विचारायचं नसतं.

7. चुकांना स्वतंत्र मेलबॉक्स द्या.

अडकलेल्या संदेशांची खबर ज्याला जाईल तो माणूस नोकरी सोडून गेलेला असावा. हे आपोआप जमतं. पुढे 'उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा' ही सोय चालू करा, पण पहिला संदेश पोहोचला होता का, ते तपासणारा ओळख क्रमांक ठेवू नका. उत्तर तेवढं वाटेत हरवतं, पर्चेस रिक्विझिशन मात्र दोनदा उठतं. गिअरबॉक्स दोन येतात. दुसरा आला की मेंटेनन्सवाल्यांचे चेहरे पाहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागितल्यापेक्षा जास्त मिळालेलं असतं. ते तक्रार करणार नाहीत.

8. चाचणी घ्या, पण बेताने.

चाचणीत एक पंप, एक बोल्ट आणि 'टेस्ट टेस्ट' नावाचा फिटर घ्या. खऱ्या फिटरला बोलावू नका. तो शेरा मराठीत लिहील, 'पट्टा सैल, आवाज येतो', आणि पलीकडे सगळी प्रश्नचिन्हं उमटतील. बिघाडाचं कारण निवडायला दीडशे पर्यायांची यादी द्या, शेवटी 'इतर' ठेवा. वर्षअखेरच्या विश्लेषणात तुमच्या कारखान्यातलं सर्वांत घातक कारण 'इतर' निघेल. त्याच्यावर उपाययोजना सुचवणारं प्रेझेंटेशन मी पाहिलेलं आहे; त्यात आलेखही होता.

9. गो-लाइव्ह शनिवारी रात्री ठेवा.

कन्सल्टंट बेंगळुरूचा, त्याची सुट्टी शनिवार-रविवार. चाकण-भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यामुळे शनिवारी तिन्ही पाळ्या जोरात असताना दोन्ही सिस्टिम बंद करता येतात. गुरुवारी निवांतपणे सगळं जमलं असतं, पण मग वॉर रूम, रात्रीचा पिझ्झा आणि एमडींचा 'ग्रेट टीमवर्क' हा मेल, यातलं काहीच झालं नसतं.

10. स्टोअरमधल्या काकांना दुखवू नका.

गो-लाइव्हनंतर आठवड्याभरात तुमच्या लक्षात येईल की सगळं चाललंय. बेअरिंग मिळतंय, बिलं निघतायत, साठा बऱ्यापैकी जुळतोय. हुरळून जाऊ नका, त्याचं कारण तुम्ही नव्हेत. स्टोअरमधल्या काकांकडे एक एक्सेल आहे. डावीकडे मेंटेनन्सचं नाव, उजवीकडे ईआरपीचा कोड, मध्ये पिवळ्या रंगात 'हे चालतं'. पहाटेचे पुठ्ठे ते सकाळी सातला त्यात उतरवतात, मग दोन्ही सिस्टिममध्ये हाताने टाकतात. लेथ 4 च्या मागच्या बेअरिंगला सी3 लागतं हेही त्यातच आहे, रिवाइंडिंगच्या मोटरीही त्यातच आहेत, 'चालू' अशा रकान्यात. काका डिसेंबरात रिटायर होणार आहेत. ही बाब रिस्क रजिस्टरमध्ये नोंदवू नका, तिथे चक्रीवादळ आणि भूकंप आहेत; गर्दी होईल.

डॅशबोर्ड तेवढा हिरवा ठेवा. नोंदणी इतकी किचकट झाली आहे की छोटे ब्रेकडाउन आता कोणी टाकतच नाही. त्यामुळे दोन बिघाडांमधला सरासरी काळ झपाट्याने वाढतो. याला विश्वासार्हता सुधारणं म्हणतात.

11. वेळेवर निघा.

ईसीसीचा नेहमीचा सपोर्ट 2027 अखेर संपतो. जादा पैसे मोजले तर 2030 पर्यंत ताणता येतो. एस/4 हानाला जाताना हा बाण पुसून पुन्हा काढावा लागेल, नव्या बजेटमध्ये, नव्या माणसाकडून. तोवर 'एंड-टू-एंड इंटिग्रेशनचा अनुभव' या एका ओळीवर तुम्ही दुसऱ्या कारखान्यात रुजू झालेले असाल आणि तिथेही हेच काम तुमची वाट पाहत असेल. पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये जा, चहा मागवा आणि एक्सेल कोणाकडे आहे ते विचारून घ्या. आयटीत विचारू नका. ते म्हणतील, आमच्याकडे अशी कुठलीही फाइल नाही, आणि त्यांच्या परीने ते खरंच बोलत असतील.