धुवायला टाकू नका

अमेरिकेत बेसबॉलपटूने सामन्यात घातलेल्या शर्टाची रास्त किंमत ठरवायची, तर सगळं संसारी शहाणपण उलटं करावं लागतं. मातीचा डाग? भाव चढला. घामाचा पिवळा पट्टा? आणखी चढला. कुणा भाबड्याने शर्ट धुऊन, इस्त्री करून आणला, तर त्याने आपल्या हातानेच लक्ष्मी मोरीत सोडली म्हणायची. डाग मैदानावरचा की परसातला, हे ठरवायला जाणकार जुन्या छायाचित्रांशी टाक्याला टाका जुळवून पाहतात. लग्न जुळवतानाही इतकी चौकशी होत नाही.

बेब रूथचा १९३२च्या वर्ल्ड सीरिजमधला शर्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरला गेला. मार्क मॅग्वायरने १९९८च्या हंगामात मारलेल्या विक्रमी सत्तराव्या होम रनचा चेंडू सुमारे ३० लाखांना गेला होता. तीनच वर्षांत बॅरी बाँड्सने एका हंगामात ७३ मारून तो विक्रम मोडला, आणि हा त्र्याहत्तरावा चेंडू पाच लाखांच्या आसपास आटोपला! म्हणजे चेंडू तीन जास्त, डॉलर पंचवीस लाख कमी.

२००२ मध्ये तर बेसबॉलपटू लुइस गॉन्झालेझने चघळून थुंकलेलं च्युइंगगम १० हजार डॉलरला विकलं गेलं. रास्त होतं का? अगदी. हौसेला मोल नाही म्हणतात, पण लिलावात असतं: हरलेल्या हौशाचा शेवटचा आकडा, अधिक एक बोली.