चार बोटं वर

तुमच्याही गावात एक बापू असणारच. बंदूक घरात, परवाना पाकिटात आणि जंगल तोंडात. आमचे बापू वेरूळच्या लेण्यांजवळच्या चहाच्या टपरीवर सापडतात. नवखा माणूस दिसला की त्याला आडवा उभा करतात, तर्जनी त्याच्या काखेखाली रोवतात आणि विचारतात, "हरीण समजा. गोळी कुठं घालणार?" माणूस गांगरून "डोक्यात" म्हणतो आणि तासाभरासाठी अडकतो.

"डोकं सारखं हलतंय. जबडा फुटला तर उपाशी मरंल ते. पुढच्या पायामागं, चार बोटं वर! काळीज आन् फुप्फुसं तिथंच. तरी बी शंभर पावलं पळतंच. पळू द्यायचं. बिडी ओढायची. मग रगत बघायचं. गुलाबी, फेसाळ आसलं तर फुप्फुसात बसली. हिरवट घाण मिसळलेली दिसली तर पोटात बसली, आन् तुम्ही माणूस नाही."

चार बोटांचा हा नियम बापू कशालाही लावतात. शेळीला, म्हशीला, घृष्णेश्वराच्या नंदीलासुद्धा ("बसलेलाय, अंदाज घ्यावा लागतोय"). पोरीच्या साखरपुड्यात व्याह्यांना मिठी मारताना बोट नेमकं तिथंच गेलं. व्याही अजून लांबूनच नमस्कार करतात. मध्यंतरी छातीत कळ आली म्हणून ईसीजी काढायला नेलं, तर डाव्या बरगड्यांवर तारा चिकटवणाऱ्या नर्सकडे कौतुकानं बघत म्हणाले, "पोरीला जागा ठावूक आहे!"

एकदा मी त्यांना हौसेनं अजिंठ्याला नेलं. 1819 साली वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, असं गाईड सांगत होता. बापूंनी तिथंच निकाल लावला, "लेणी सापडली म्हंजी वाघ हुकला." पहिल्या लेण्यात एका खांबावर ते प्रसिद्ध शिल्प आहे: हरणं चार, डोकं एकच, आणि ज्या हरणाकडे बघावं त्याचंच ते वाटतं. लोक वाहवा करत होते, बापूंना घाम फुटला होता. "डोक्यात घालणारांची चैन आहे, एका काडतुसात चार. आम्ही काय करायचं? सोळा बोटं मोजायची?" आत गाभाऱ्यात बुद्धाच्या आसनाखाली चक्र आहे आणि चक्राच्या दोन्ही बाजूंना हरणं. तिथं मात्र त्यांनी बोट खिशात घातलं.

आता हिशेब करा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. काळवीट पहिल्या अनुसूचीत, मारणाऱ्याला तीन ते सात वर्षं कैद. कायदा आला तेव्हा बापू चौथीत होते! बंदूक आजोबांची, आणि बापूंच्या हाती आल्यापासून तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे निवडणूक लागली की पोलीस ठाण्यापर्यंत, जमा करायला. हरभऱ्याच्या दिवसांत हरणांचा कळप पीक लोळवतो तेव्हा शेतकरी "बंदूक घेऊन या" म्हणून निरोप धाडतात. बापू जातात, पण रात्रभर पत्र्याचा डबा बडवायला. मग हे शास्त्र आलं कुठून? टपरीवर विचारलं की ते दुसरा चहा सांगतात.

सांगितलं ते काकूंनी, भाकरी थापता थापता. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायची आणि सुकडीवर दिवस काढायचे. आजोबांनी ठासणीची बंदूक काढली, पण नजर अधू झालेली. गोळी पोटात बसली. म्हातारा आणि नातू दोन दिवस माग काढत हिंडले. "सापडलं तवा जितं होतं," एवढं बोलून काकूंनी भाकरी उलटली.

तेव्हापासून बापू दिसले की मी मुकाट्यानं आडवा उभा राहतो. बरगडी दुखते, पण राहतो.

गेल्या उन्हाळ्यात वैजापूरकडच्या एका शिवारात कठडा नसलेल्या विहिरीत काळवीट पडलं. वनखात्याच्या लोकांनी जाळ्यातून वर काढलं. चारी बाजूंनी मोबाईल उगारलेले. बापू गर्दीत घुसले, खांद्यावरचा गमछा जनावराच्या डोळ्यांवर टाकला आणि ओरडले, "गप बसा रे, भेवानंच मरतंय हे!" एका पोरानं त्याला दाबून धरायला गुडघा बरगड्यांवर रोवला होता. बापूंनी त्याला कॉलर धरून मागं ओढलं. "गुडघा काढ! पुढच्या पायामागं, चार बोटं वर, तिथं काळीज आसतंय त्याचं!"

जाळं सुटलं. काळवीट उठलं, आणि उठता उठता त्यानं मागच्या पायाची एक सणसणीत लाथ हाणली. बापू पोट धरून तुरीच्या खुंटांत आडवे. आम्ही धावलो. काळवीट बांध ओलांडून गेलं तरी त्यांची नजर तिकडेच.

"जागा चुकली लेकाची," बापू कण्हत म्हणाले.